उकंडाच्या जीपचा पुढचा एक्सल

— नाही नाही भाऊ, तो एक्सल नका पाहू. कोपऱ्यातला तो विकाचा नाही. बाकी अख्खं दुकान तुमचं, ज्याच्यावर बोट ठेवसान ते उतरवतो, पन तो नाही. या, इकडं बसा. खुर्ची घ्या, ते स्टूल डुगडुगते. मांगच्या महिन्यात एक पोलीस पाटील त्याच्यावरून पडला अन् मलेच म्हने, वामनराव, तुमचा मालही असाच असते का! च्या सांगतो. साखर चालते ना? चालते, तुमच्या वयाले सगळं चालते. फक्त एक काम करा — गाडी उलीशी दुकानासमोरून मांगं घ्या, त्या टिनाच्या आडोशाले. काहून म्हंजे? ऊन लागते. हासू नका, लोखंडालेही ऊन लागते. — सुरूच होत नाही? दोरीनं ओढून आनली? अन् ओढनारा गेला निघून? बरं... बरं, राहू द्या मंग. दोघं मिळून ढकलू म्हटलं तं मले मनक्याचा पट्टा, अन् तुमच्या एकट्याच्यानं ती हालनार नाही. वाजले किती? साडेदहा. आमची मंडळी बाजारात गेली हाय, बारापर्यंत येते. तवापर्यंत उरकू आपलं. तिनं ही गाडी पाहू नये एवढंच — नाही, काही नाही. तुमी च्या घ्या.

हं, तं काय म्हनत होते तुमी? नागपूरले क्लब हाय तुमचा, अन् दर रविवारी गाड्या घेऊन चिखलात जाता. मुद्दाम! बाप्पा, मुद्दाम चिखलात जाता! नाही, नाव नाही ठेवत, ज्याची त्याची हौस. आमची जिंदगी गाड्या चिखलातून बाहेर काढन्यात गेली, अन् तुमी डिझेल जाळून आत घालता, म्हनून हासू आलं. टायर केवढे टाकाचे? तेहतीस इंची? तं ऐका, कंपनीचा पुढचा एक्सल त्याले पुरनार नाही. कंपनीनं तो खेड्यापाड्याच्या रस्त्यासाठी बनवला, गोट्यावर चढासाठी नाही. एवढा मोठा टायर गोट्यात अटकला अन् तुमी वरून रेस देली, की चाकाजवळचा हा जोड — हा पाहा, हातात घ्या — हा तुटते. कटकन. वाळल्या तुराटीसारखा. म्हनून लोक लिलावातला मिलिटरीचा जाड एक्सल टाकतात. मजबूत असते, पन त्यातही मेख हाय. एक्सलच्या मधोमध हा जो लोखंडी गोळा असते ना, चाकायले ताकद देनारा, त्यातले पुढचे दात अन् मांगच्या गोळ्यातले दात एका हिशोबाचे पाहिजे. नाही तं पुढचे चाकं एका चालीनं, मांगचे दुसऱ्या चालीनं — म्हंजे एका जुवाले बैल अन् रेडा! गाडी स्वतःशीच भांडते. अन् घरात भांडन लागलं की नुकसान कोनाचं? मालकाचं. हे कोन्या कालेजात शिकलो नाही मी. चौथी पास मानूस. रॉकेलच्या टोपल्यात पार्ट धूत धूत शिकलो. लोखंड हातात घेतलं की ते सांगते त्याले कुठं दुखते. मानूस नाही सांगत. मानसापेक्षा लोखंड बरं.

मुकुटबनच्या बाजूनं आनली ना ही? म्या इचारलं नाही, इचारनारही नव्हतो. एका कडुलिंबाखाली उभी असन, चाकात गवत उगवलेलं, सीटमंदी कोंबडी बसलेली. मालक उकंडा. बरोबर ना? ओळखीन नाही तं काय, दारासमोर उभी दिसली मले, अन् माह्या हातातला पाना खाली पडला. पुढचा बंपर म्याच जोडला तिचा. अन् खाली झोपून पाह्यलं असन तुमी — पुढं गोळाच नाही. साधा पाइप हाय, दोन टोकाले दोन चाकं. नुसते फिरनारे. ताकद नाही त्याईच्यात. मनात म्हनले असान, कोन भैताडानं चांगल्या फोर-व्हील, चारही चाकं ओढनाऱ्या गाडीची ही दशा केली? हे भैताड तुमच्या समोर बसून हाय, भाऊ.

उगीच नाही केली. तवाचा काळ तुमाले काय सांगू. कापसाले कोनी पुसत नव्हतं. लोक गाडीत कापूस घेऊन जिनिंगसमोर दोन-दोन दिवस रांगेत बसत अन् घरी येताना चिवड्याची पुडीही नसे हातात. जिथं बाजाराच्या दिवशी एका जीपमंदी बावीस मानसं कोंबलेली असत, दोन बोनेटवर, एक मांगं लोंबकळत — तिथं पाच सवाऱ्या भेटेनात. लोक पायी चालाले लागले. जीपवाले माह्याकडे येऊन डोकं धरून बसत. अन् म्या डोकं चालवलं. म्या म्हटलं, अरे, हे जे पुढचे चाकं हायेत, याईची ताकद कवा लागते? चिखलात. अन् चिखल कुठं हाय? तीन वर्षं झाले, पाऊस धड नाही, नाले कोरडे, दुबार पेरनी करून लोक आभाळाकडे पाहून राह्यले. पाऊसच येत नाही तं चिखलाचा एक्सल कायले वागवता? क्विंटलभराचं ओझं पुढं अडकवून फुकट फिरवता, ते डिझेल खाते. काढून टाका! साधा एक्सल घ्या, वरून चार पैसे घ्या. पटलं लोकायले. पटनारच, दुष्काळात दुष्काळाचीच अक्कल सुचते मानसाले. चाळीस गाड्या उतरवल्या म्या. वनी, पांढरकवडा, राळेगाव, कुठून कुठून आले. अन् ते एक्सल नागपूरले, तुमच्यासारख्या हौशी लोकायले गेले. या दुकानाचं वरचं स्लॅब त्याचंच हाय.

रामलालचा किस्सा सांगतो — रामलाल म्हंजे राळेगावचा, सवाऱ्यायची जीप चालवे. त्याच्या भावानं गाडी आनली, एक्सल काढून नेला, अन् रामलालले सांगतलंच नाही. गिअरजवळचा तो छोटा दांडा असते ना, फोर-व्हीलचा, तो तसाच होता. दोन वर्षं, बाप्पा, दोन वर्षं रामलाल चढ आला की तो दांडा ओढे अन् सवाऱ्यायले म्हने, आता पाहा ताकद! अन् सवाऱ्याही म्हनत, हो ना हो, चढली ना गाडी! खाली काहीच नाही. नुसता दांडा. आमी इथं बसून पोट धरून हासलो होतो...

हासा. हासन्यासारखंच हाय.

उकंडा तयार नव्हता. चाळिसातला तो एकटा. म्हने, शेठ, आमचं गाव काळ्या भुईचं, डांबरी रस्ता तीन किलोमीटर दूर, मंदात कच्ची पांदन. पाऊस आला तं दुसरी गाडी येत नाही गावात, माहीच येते. त्याचं खरं होतं. त्या गावातले बिमार, बाळंतिनी, परीक्षेचे पोट्टे, सगळे त्याच गाडीत. बौद्ध मोहल्ल्यातला, पन पाटलाच्या घरापर्यंत सारे त्याले हाक मारत. अन् माही पोरगी त्याच गावात देलेली. सुरभी. एकुलती. कपिल जवाई, बारा एकर, सज्जन घर. म्हनून उकंडाशी माहं घरोब्याचं होतं. तो इथं यवतमाळले आला की सुरभीचं गाठोडं घेऊन ये — तुरीचं वरन, अंबाडीची भाजी — अन् इकडून मैनाबाई चिवडा-लाडू भरून देत. मैनाबाई म्हंजे आमची मंडळी. तं त्याले म्या म्हटलं, उकंडा, तुहा एक्सल मी इकत नाही. तुह्या नावानं ठेवतो. पाऊस धरला की ये, एका दिवसात बसवून देतो. जबान! तवा कुठं तयार झाला. घरच्या मानसाची जबान म्हनून तयार झाला. तो पाहा — तो कोपऱ्यातला. तोच.

अन् मंग दोन हजार सहा साल आलं. सुरभीले दिवस राह्यले. पह्यलं बाळंतपन माहेरी, हे तं तुमच्याकडंही असन. सातव्यात आनतात पोरीले. पन सातवा लागला तवा तिकडे पेरनी उलटली होती, दुबार सुरू, घरात हात कमी, सासू म्हने पंधरा दिवस थांबा. पंधराचे तीस दिवस झाले अन् आठवा लागला. अन् आठव्यात पोरगी हालवत नाहीत, आमच्यात नेम हाय. सात नाही तं नऊ, आठ नाही. कोनी लावला हा नेम? काय मालूम. मैनाबाई म्हने आठव्यात नको, मीही म्हटलं नको. नवव्यात आनू. अन् नवव्यात काय आलं? पाऊस. तीन वर्षाचा थकलेला एकदम आला. आठ दिवस नुसता बम पाऊस, सुपानं ओतल्यासारखा. लोक नाचले. मीही हात बाहेर काढून पाह्यला, बरं वाटलं. मले आठवते, बरं वाटलं होतं मले.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी पाऊस नव्हता. ऊन पडलं होतं लख्ख. सकाळी सुरभीले कळा नाही, रगत सुरू झालं. कपिलनं उकंडाले बोलावलं. पाच मिनिटात गाडी दारात. मांगच्या सीटवर गादी टाकली, तिची जाऊ बसली, उकंडाची बायको सत्यभामा बसली डोकं मांडीवर घेऊन. अन् पांदनीत, नाल्याच्या उतारात, बसली गाडी. मांगचे चाकं जागीच फिरून राह्यले, खड्डा करून राह्यले, अन् पुढचे चाकं नुसते उभे, पाहून राह्यले तमाशा. काळी भुई तुमाले मालूम नाही, भाऊ. तुमचा क्लबचा चिखल पोट्टे खेळतात तो चिखल. ही भुई पाय धरते, सोडत नाही. गाव आलं, लोटलं. बैल आनले, बैल गुडघ्यापर्यंत गेले. पऱ्हाट्या आंथरल्या चाकाखाली. बाजेवर न्यावं म्हटलं तं हालवलं की रगत. नऊचे बारा वाजले. कपिल सांगे मले मांगून, मामाजी, उकंडा तो छोटा दांडा ओढून राह्यला होता. ओढे, सोडे, ओढे, सोडे. त्याले मालूम होतं खाली काही नाही. तरी ओढे.

सीटवरच गेली. लेकरूही.

... नाही, पानी नको. तुमी घ्या. च्या थंडा झाला तुमचा.

लोकायले कोनीतरी पाहिजे असते भाऊ. मरन आलं की त्याले चेहरा पाहिजे. तेरव्याच्या आधीच सुरू झालं — उकंडानं उतारात घातलीच काहून, उकंडा पेऊन होता, उकंडाले ब्रेक मारता येत नाही. दारूचा थेंब नाही शिवला त्यानं जिंदगीत, पंचशील घेतलेला मानूस. कपिलच्या चुलतभावानं अंगनात दोन थापडा मारल्या त्याले. मी तिथंच होतो, ओसरीच्या खांबाले धरून. उकंडानं माह्याकडं पाह्यलं. एकदाच पाह्यलं. म्या मान खाली घातली. त्यानं टोपी उचलली, झटकली, गेला. त्या दिवसापासून गाडी लिंबाखाली. सत्यभामा शेतात निंदाले जाते, तो लोकायच्या ढोरामांगं जाते. अन् आमच्या घरात — आमच्या घरात सहा वर्षं झाले, मैनाबाई रोज दिवा लावताना म्हनते, त्या उकंडाचं वाटोळं होवो. रोज. तुळशीजवळ उभी राहून. अन् मी इथं, या खुर्चीवर, ऐकतो. तिले एक्सल मालूमच नाही. बाईमानसाले गाडीच्या खालचं काय समजते, म्या असं स्वतःले सांगतलं. तिले वाटते गाडी फसली, चालवनाराच्या चुकीनं. म्या तिले सांगतलं नाही का गाडीची ताकद तिच्या नवऱ्यानं काढून ठेवली होती.

नाही, तुमची गोष्ट बरोबर हाय, कोनीही असंच म्हनन, तुमाले काय मालूम पाऊस येईन ते. देवाले मालूम. तुमी चांगल्या घरचे दिसता, म्हनून समजूत काढून राह्यले. पन मले मालूम होतं ना, भाऊ.

तो आलता.

उकंडा. चार दिवस आधी. भर पावसात, एसटीनं, डोक्यावर युरियाची थैली घेऊन. त्या दारात उभा राह्यला, पानी गळून राह्यलं अंगावरचं, आत येईना — म्हने दुकान ओलं होईन. म्हने, शेठ, पांदन वली झाली. माहा एक्सल बसवून द्या, उद्या गाडी घेऊन येतो कशीबशी. ताईले नववा लागला, इकडं आनाचं हाय. एक दिवसाचं काम हाय म्हनले होते तुमी. अन् म्या... म्या म्हटलं, पोळा होऊ दे. मिस्त्री गावाले गेला. मिस्त्री तिथंच होता, मांगच्या खोलीत जेवून राह्यला होता. खरी गोष्ट अशी का नागपूरची पार्टी बारा एक्सल मांगत होती, बाराच पाहिजे म्हने, अकरा नाही. अकरा माह्याजवळ होते. रविवारी ट्रक येनार होता. म्हटलं, हा बारावा जाऊ द्यावा, पोळ्यापर्यंत उकंडाले दुसरा पाहून देऊ. तोही तेवढाच चांगला. लोखंड ते लोखंड. आठ दिवसानं काय होते? उकंडानं युरियाची थैली डोक्यावर सारखी केली. म्हने, बरं शेठ. पोळ्याले येतो मंग. अन् गेला. च्या बी नाही घेतला.

पोरगी गेली, अन् मंग रविवारी ट्रक आला. म्या अकरा देले. पार्टी भांडली, शिव्या देल्या, सौदा मोडला. हा नाही देला. कायले ठेवला? मेलेल्यासाठी औषध ठेवते का कोनी? पन ठेवला. दर पोळ्याले तेल पानी करतो त्याले. मैनाबाई म्हनते, बैल नाही तुमच्याजवळ म्हनून लोखंड पूजता का.

हे म्या कोनाले सांगतलं नव्हतं. तुमाले काहून सांगून राह्यलो? तुमी गिऱ्हाईक, मोठा एक्सल घ्याले आले. तुमाले जाड एक्सल पाहिजे, तो घ्या, त्या भिंतीशी उभा हाय, दात मोजून देतो... काय म्हनता? तोच पाहिजे? कोपऱ्यातला? अहो, तो कंपनीचा हाय, तुमच्या टायराले पुरनार नाही, आताच तं सांगतलं. — कोन म्हने? उकंडा म्हने? त्यानं पाठवलं तुमाले इथं? अन् हे तुमी आता सांगता? बसा. बसा ना खाली. काय म्हनला तो, एकएक शब्द सांगा. 'वामनशेठच्या दुकानी जा. गाडीचा असली एक्सल त्याईच्याजवळ हाय. त्याईनं इकला नसन.'

इकला नसन...

त्याले कसं मालूम? सहा वर्षं झाले, तो इकडं फिरकला नाही, मी तिकडं गेलो नाही. पोरीच्या वर्षश्राद्धालेही गेलो नाही, रस्त्यात त्याचं घर लागते म्हनून. त्याले कोनं सांगतलं म्या इकला नाही ते? कोनाले मालूमच नाही. अन् थापडा खाल्ल्या तवा एक शब्द नाही. एक शब्द बोलला असता — इचारा वामनशेठले, मी कायले आलतो त्याईच्याकडं — तं गाव माह्या दारात आलं असतं. बोलला नाही. आता गाडी इकली तं तीही मलेच धाडून देली... आनखी काय म्हनला? आठवा. काहीच नाही? कसा दिसते तो? बारीक झाला? दात पडले. अन् सत्यभामा? सांधे धरले तिचे... पन गाडी देताना पानी होतं ना त्याच्या डोळ्यात? नाही? हासत होता? कसा हासत होता, भाऊ?

थांबा. आटो थांबला वाटते बाहेर. आज लवकर आली. नाही, तुमी उठू नका — उठा, उठा, असे बाजूले व्हा. तिनं पाह्यली. पाह्यली गाडी. पिशवी खाली ठेवली तिनं. भाजी रस्त्यावर सांडली... मांगच्या दाराले हात लावून राह्यली.

अवं. मैना. इकडं ये. नाही, उकंडा नाही आला. त्याले नको शोधू. हो, तीच गाडी. बस इथं, या खुर्चीवर बस. नाही बसत? बरं, उभी राहा मंग. ऐक. उकंडाचं नाव घेत जाऊ नको तुळशीजवळ. मी सांगतो कोनाचं घ्याचं ते. पोरीच्या चार दिवस आधी तो मानूस इथं आलता, या दारात, वला होऊन. गाडीची पुढची ताकद म्या काढून ठेवली होती. तो मांगाले आलता. तिच्यासाठी मांगाले आलता. अन् म्या नाही देली.

...

तुमी जा, भाऊ. एक्सलचं उद्या पाहू, परवा पाहू. गाडी राहू द्या तिथंच. जा म्हनतो ना.